पाय निघण्याविषयी

कारेलला ताप आहे, म्हणून आज रात्रपाळी माझी.
मी शास्त्रज्ञ नाही, मासे सांभाळते,
तळघरातल्या खोलीत, पाणी अठ्ठावीस अंशांवर,
आणि वर तार्तू शहर उणे एकोणीसला,
नदीसकट गोठलेलं.

मासा तीन दिवसांचा. पापणीच्या केसाएवढा,
काचेसारखा आरपार.
सात वाजता मी त्याच्या शेपटीचं टोक कापलं
आणि ‘माफ कर’ म्हणाले.
दर वेळी म्हणते. कारेल हसतो.

चौथ्या मिनिटाला हाक पोचली.
जखमेचा काठ ओरडत नाही,
नुसता एक रेणू पाझरू देतो,
की निघाले न्यूट्रोफिल,
अंग चेपून, फटीफटींतून,
शेजारी आग लागल्यावर
हाताला लागेल ते घेऊन धावावं तसे.

त्यांच्या अंगभर कान.
कारेल रिसेप्टर म्हणतो, मला कानच दिसतात,
दोन जातींचे: हिरवे आणि तांबडे, आम्हीच रंगवलेले.

हिरवा कान हाक ऐकतो आणि ऐकल्याऐकल्या
त्याच्या पाठीवर एक प्रथिन येऊन बसतं,
पडद्याला खळगा पडतो, खळग्याचा गळा आवळतो,
पिशवी सुटते, कान पेशीच्या पोटात.
बाहेर शुकशुकाट.
आत मात्र, पिशवीच्या अंधारात,
तो अजून काहीतरी पुटपुटत असतो.
काय, ते कारेललाही कळलेलं नाही,
म्हणून तर त्याचा प्रबंध चौथ्या वर्षात रुतलाय.
काही पिशव्या पुन्हा वर येतात, धुतलेल्या कानासकट.
काही आम्लाच्या कुंडात उतरतात
आणि तिथेच संपतात.

तांबडा कान वरच राहतो.
ऐकतो, ऐकत राहतो,
आणि त्याच्याच जोरावर, असं दिसतं,
पेशी जखम सोडून जाऊ शकते.
मला हे उलटं वाटलं होतं.
मला वाटलं होतं, जो बहिरा झाला तोच परत फिरेल.

आजच्या माशाला तांबडा कान नाही.
जनुकातूनच काढलाय, पाहण्यासाठी.

रात्री दोनला फोन: ‘निघाले का?’
कारेलचा आवाज तापानं जाड.
नाही म्हटलं. बसलेत घोळका करून.
जखम मिटत आली, जंतू नाही, काही नाही,
तरी हातातली हत्यारं चालूच,
चांगल्या कातडीवरसुद्धा.
पाय निघत नाही कुणाचा.

विर्वे माझी बहीण.
हेल्डुर गेला तेव्हा वाल्गाहून पहिल्या बसनं आली,
आल्याआल्या बाह्या सरसावून
त्याचे बूट, औषधं, दाढीचं पातं, सगळं आवरलं.
मी तेव्हा भिंतीसारखी होते.
ती नसती तर मी जेवलेच नसते.
याला तीन वर्षं झाली.
आता ती माझे चांगले कप फोडते,
माझी पत्रं आधी वाचते,
शेजारणीला माझं दुःख तिखटमीठ लावून सांगते,
आणि मी कानाआड करते,
आत कुठेतरी ढकलते
आणि तिथे ते पुटपुटत राहतं.

पाच वीसला एक न्यूट्रोफिल वळला.
घोळक्यातून सुटून पाठकण्याच्या दिशेनं
थोडा गेला. मी श्वास धरला.
मग थांबला.
वहीत लिहिलं: एक गेला. परत आला.
त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस.
खाली सही केली, लीलो कासेमेत्स,
माशांना खाणं घातलं, दिवे मालवले.

घराच्या पायऱ्यांवर बर्फ होता
आणि बर्फावर चुलीतली राख पसरलेली,
मी घसरू नये म्हणून, पहाटेच, ताजी.
आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.
मग ती कुणाशी तरी बोलू लागली,
घरात दुसरं कुणी नसताना.

मी दाराशी उभी राहिले
आणि लोकरीची टोपी काढली,
नीट ऐकू यावं म्हणून.